मातीचं कबुतर आणि बाईंचा डावा डोळा

बालमित्रांनो,

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही कुणी पोहायला शिकलात, कुणी सायकल. तुमच्या बाई काय शिकल्या, ओळखा पाहू? बंदुकीनं कबुतर टिपायला!

घाबरू नका. हे कबुतर म्हणजे एक तबकडी. पूर्वी मात्र खरी कबुतरं सोडून नेम धरत. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळीही तसं झालं होतं. आता यंत्रातून बशीसारखी तबकडी उडते. ११ सेंटिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची. नाव 'मातीचं कबुतर', पण त्यात माती औषधालाही नसते! चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची ती बनवतात. याच खेळात राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं.

क्लबच्या सरांनी आधी नियम शिकवले. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा. आपली पाळी येईपर्यंत बंदूक रिकामी आणि मधून उघडलेली. मग मी उभी राहिले आणि ओरडले, "पुल!" म्हणजे 'सोडा!' तबकडी सुर्रकन गेली. मी बार काढला. तबकडी आपली मजेत पुढे!

सर म्हणाले, "बाई, ती आहे तिथे नाही, ती जाणार आहे तिथे मारा." गणित करा बरं. ताशी ९० किलोमीटर वेगाची तबकडी सेकंदाला २५ मीटर जाते. छर्रे तिच्यापर्यंत पोचायला एक दशांश सेकंद लागला, तर तेवढ्यात ती अडीच मीटर पुढे!

कळलं सगळं, पण जमेना. २५ पैकी २ फुटल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. "अहो, लक्ष देऊनच बघतेय!" मी रडवेली झाले.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "दोन्ही हात लांब करा. तळव्यांची छोटी खिडकी करून त्यातून ते झाड बघा. आता एकेक डोळा मिटा." डावा डोळा मिटला आणि झाड गायब! माझा डावा डोळा जोरकस निघाला. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम धरतोय डावा डोळा! सरांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्या दिवशी ९ फुटल्या.

घरी येताना मला वर्गातला एक मुलगा आठवला. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहायचा. मी दरवेळी म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुझं?"

जूनमध्ये शाळा उघडली. मी त्याला जवळ बसवलं. "कसं केलंस, सांग बघू."

"बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घेतले."

लक्ष पुरेपूर होतं हो त्याचं! उसना दशक तेवढा कळला नव्हता. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला आणि दोन दिवसांत गाडी रुळावर आली. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझंच रे." तो लाजून हसला.

मुलांनो, हाताच्या खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि तुमचा जोरकस डोळा कोणता, ते मला कळवा. आणि आई-बाबांनो, गणित चुकलं की ओरडण्याआधी एकदा विचारा, "कसं केलंस, सांग बघू."

तुमच्या,
बाई