केसपेपरवर नसलेला रकाना

नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी बाह्यरुग्ण विभागात आल्या होत्या. महिनाभर पोट दुखत होतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं व्यवस्थित. मी सवयीनं विचारलं, "आई नाही आली?" मुलानं मान खाली घातली. आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, लेक दोन वर्षांमागं वारली. त्याला मुंबईला कामाला गेलीय असं सांगितलंय. रडंल ना पोर!"

आजींचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. चुकीचा प्रश्न तर मीच विचारला होता. पण अशा घराला सल्ला द्यायला आपल्याकडे आहे तरी काय?

कायदेशीर दत्तक घेणाऱ्यांसाठी वाट बरीचशी आखलेली आहे. 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी होते, समाजसेवक घरी येऊन गृहअभ्यास अहवाल करतात, मुलाचा वैद्यकीय तपासणी अहवाल पालकांना मिळतो. अ‍ॅलोमा लोबो आणि जयप्रिया वासुदेवन यांचं 'द पेंग्विन गाइड टू अ‍ॅडॉप्शन इन इंडिया' २००२ पासून आहे. पुण्यात ससूनच्या आवारात 'सोफोश' ही संस्था कित्येक वर्षं हे काम करते आहे. मात्र देशात वर्षाला अशी दत्तकविधानं होतात ती चार-साडेचार हजार. आजी, मावशी, काका यांच्याकडे वाढणारी मुलं त्याच्या कितीतरी पट आहेत.

धोरण हळूहळू त्यांच्याकडे वळतं आहे. २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. प्रतिपालकत्वानंतर दत्तक घेण्यासाठीची अट पाच वर्षांवरून दोनवर आणली. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. पैशाची सोय झाली, ती हवीच होती. पण मुलाशी काय बोलायचं, हे कोणत्याही शासन निर्णयात नसतं. त्यावरची चांगली पुस्तकं बहुतांशी इंग्रजीत, शहरी दत्तक पालकांना समोर ठेवून लिहिलेली. आमच्या आजींच्या हाती ती पडणार नाहीत.

खरं तर सोप्या मराठीतली आठ पानांची पुस्तिका पुरेल. तिच्यात काय असावं?

पहिलं, खरं सांगा, लवकर सांगा. दत्तक असो की आईबाप गेलेले असोत, मुलाला शेजाऱ्याच्या तोंडून कळण्याआधी घरातून कळावं. "देवाघरी झोपली" असं म्हटलं की लहान मूल झोपेलाच घाबरतं. "मेली, आता परत येणार नाही" हे शब्द कठोर वाटतात, पण मुलाला समजतात. एकदा सांगून भागत नाही. वय वाढतं तसे प्रश्न बदलतात.

दुसरं, वागण्याचा अर्थ लावा. अंथरूण ओलं होणं, उशीखाली पोळी लपवणं, कारण न सापडणारी पोटदुखी, हा दरवेळी खोडसाळपणा नसतो. उपासमार किंवा ताटातूट सोसलेलं मूल असं वागू शकतं. आधी तपासणी करून घ्या, मग धीर धरा. मार देऊ नका.

तिसरं, कागद जपा. जन्मदाखला, लसीकरण कार्ड, वैद्यकीय अहवाल एका पिशवीत ठेवा. डॉक्टरांनी घराण्यातले आजार विचारले आणि ठाऊक नसतील, तर "माहीत नाही" म्हणा. दत्तक आईनं संकोचून स्वतःचा मधुमेह सांगितला, तर आमचं निदान भरकटतं.

आणि आजीनं स्वतःचा रक्तदाबही तपासून घ्यावा. ती आडवी पडली तर त्या मुलाला दुसरं कोण आहे?

आम्हा डॉक्टरांनाही शिकायचं आहे. "आई कुठे?" याऐवजी "तुम्ही याचे कोण?" एवढंच विचारायचं. केसपेपरवर 'सांभाळणारी व्यक्ती' असा एक रकाना छापायला फारसा खर्च येणार नाही. मदतीची गरज असेल तर १०९८ हा बालमदत क्रमांक त्याच कागदावर छापता येईल.

आमच्या समुपदेशकांसोबत बसून आजींनी नातवाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं." पोटदुखी लगेच थांबली नाही. पण पुढच्या खेपेला आजी सांगत होत्या, पेटीत लपवलेला लेकीचा फोटो आता भिंतीवर आहे आणि खिळा नातवानंच ठोकला.