नमुना तसा माल

२०२५ च्या दिवाळीत वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला बहिणीकडे गेलो होतो. भाचा संगणकावर सोयाबीनच्या हमीभावाचा आलेख काढीत बसला होता. पाडव्याला तो पारावर लावायचा होता. २०२१-२२ चा भाव क्विंटलला ३,९५० रुपये. पुढे ४,३००, ४,६००, ४,८९२ आणि २०२५-२६ चा ५,३२८.

पडद्यावर आधी बोटाएवढे नमुने दिसतात. त्यातला एक निवडला की मोठा आलेख उमटतो. नमुन्यातले खांब पायऱ्यांसारखे बेताने चढत होते. भाच्याने तो निवडला, छापला आणि पारावर लावला. एक आजोबा चष्मा सावरीत पुढे झाले.

"काय बाप्पा, भाव चौपट झाला? मंग माह्या घरी काऊन नाई आला?"

पाहतो तो खरेच, शेवटचा खांब पहिल्याच्या चौपट! आकडे सारे बरोबर होते. घोटाळा पायाशी होता. नमुन्यातले खांब शून्यावर उभे होते. मोठ्या चित्रात यंत्राने परस्पर ३,५०० पासून मोजणी धरली. मग पहिल्याच्या वाट्याला उंची आली ४५० ची आणि शेवटच्याच्या १,८२८ ची. खरी वाढ शेकडा पस्तीस. हमीभाव जाहीर झाला तरी पदरात पडतोच असे नाही. त्यात चित्रानेही फसवावे?

विल्यम प्लेफेअरने १७८६ साली खांबांचा आलेख छापला. तेव्हापासून खांबाची उंची हाच त्याचा शब्द. म्हणून नमुना आणि आलेख एकाच नियमाने काढले पाहिजेत. पाया, खांबांचा क्रम, रंग, सूचीची जागा, सारे तेच हवे. लहान चित्रात अक्षरे गाळली तरी चालेल. मांडणी बदलता कामा नये.

हे शास्त्र बहिणीला न शिकवताच येत होते. वहीतली सात ठिपके सात ओळींची रांगोळी तिने अंगणभर काढली. ठिपक्यांमधले अंतर वाढले, ठिपके नाही वाढले. कमळ वहीतले तेच!

भाच्याने पाया शून्यावर आणून आलेख पुन्हा छापला. आजोबांनी तो निरखून पाहिला.

"हं, हे खरं. इतकाच वाढला."