विश्लेषण : पाळीव सशांचे अचानक मृत्यू कशामुळे? ‘आरएचडी’ विषाणू इतका घातक का?

रात्री व्यवस्थित गवत खाल्लेला ससा सकाळी पिंजऱ्यात मृत आढळतो. अंगावर जखम नाही, आदल्या दिवशी आजाराचे लक्षणही नाही. विषबाधा झाली, की सशाला कशाची भीती बसली, असे प्रश्न घरच्यांना पडतात. अशा मृत्यूंमागे अनेक कारणे असू शकतात, पण गेल्या चार दशकांत त्यातील एक कारण जगभर पसरले आहे. ते म्हणजे रॅबिट हेमोरेजिक डिसीज, अर्थात ‘आरएचडी’.

हा आजार कुठून आला?

या आजाराची पहिली नोंद १९८४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात झाली. जर्मनीतून लोकरीसाठी आणलेले अंगोरा ससे अचानक मरू लागले आणि वर्षभरात चीनमध्ये सुमारे १४ कोटी पाळीव ससे दगावले. त्यानंतर हा विषाणू युरोपात पोहोचला. २०१० मध्ये फ्रान्समध्ये त्याचा नवा प्रकार, ‘आरएचडीव्ही-२’, आढळला. मूळ प्रकार अगदी लहान पिल्लांना फारसा धोका पोहोचवत नसे. नव्या प्रकाराने मात्र काही आठवड्यांची पिल्लेही मरतात आणि रानससेही त्याला बळी पडतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात त्याची मोठी साथ आली आणि तेथील रानटी सशांमध्येही तो पसरला. त्याच वर्षी सिंगापूरमध्येही पाळीव सशांमध्ये तो आढळला.

ससा इतक्या झटपट का मरतो?

हा विषाणू प्रामुख्याने यकृतावर हल्ला करतो. यकृतातील पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि शरीरात अंतर्गत रक्तस्राव होतो. संसर्गानंतर साधारण एक ते पाच दिवसांत लक्षणे दिसू लागतात. ताप, सुस्ती, खाणे बंद होणे, झटके येणे, नाकातून रक्त येणे ही ती लक्षणे. पण अनेकदा ती दिसण्याआधीच मृत्यू होतो. शिवाय ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो. या आजारावर विशिष्ट औषध नाही, उपचार केवळ आधारापुरते असतात.

घरात राहणाऱ्या सशालाही धोका का?

या विषाणूला मेदाचे बाह्य आवरण नसते. त्यामुळे तो बाहेरच्या वातावरणात कित्येक आठवडे, थंडीत तर काही महिनेही टिकतो. सशाचा सशाशी थेट संपर्क यावाच लागतो असे नाही. बुटांचे तळवे, कपडे, पिंजरे, बाहेरून आणलेले गवत आणि माश्या यांतूनही तो पोहोचतो. हातावर चोळायच्या साध्या सॅनिटायझरचा त्यावर भरवसा धरता येत नाही. पातळ केलेले ब्लीच लावून ते काही मिनिटे राहू द्यावे लागते. माणसांना, कुत्र्या-मांजरांना मात्र या विषाणूचा संसर्ग होत नाही.

ऑस्ट्रेलियात सरकारनेच हा विषाणू का सोडला?

या आजाराची ही सर्वांत गुंतागुंतीची बाजू. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी सोडलेल्या मूठभर सशांची संख्या ऑस्ट्रेलियात अफाट वाढली. पिके, कुरणे आणि स्थानिक वनस्पती यांची हानी होऊ लागली. सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू पसरवण्यात आला. पुढे आरएचडी विषाणूची चाचणी वॉर्डांग बेटावर सुरू असताना १९९५ मध्ये तो तिथून निसटला आणि १९९६ मध्ये देशभर अधिकृतपणे सोडण्यात आला. २०१७ मध्ये त्याचा आणखी एक प्रकार सोडला गेला.

शेतकऱ्याच्या आणि निसर्गाच्या दृष्टीने हा लाभ आहे. पण रानातील ससा आणि दिवाणखान्यातला ससा एकाच जातीचे आहेत. विषाणू त्यांच्यात फरक करत नाही. त्यातच पाळीव सशांना मिक्सोमाविरोधी लस देण्याची ऑस्ट्रेलियात परवानगी नाही. लशीतील जिवंत विषाणू रानटी सशांत पसरून त्यांनाच प्रतिकारशक्ती मिळेल, अशी भीती त्यामागे आहे. म्हणजे एका धोरणाची किंमत पाळीव सशांच्या मालकांना मोजावी लागते.

उलट स्पेनमध्ये ससा हाच निसर्गाचा आधार आहे. तिथे या विषाणूने ससे घटले, तेव्हा त्यांच्यावर जगणारे आयबेरियन लिंक्स आणि स्पॅनिश गरुडही अडचणीत आले. एकच विषाणू एका देशात उपाय ठरतो, दुसऱ्या देशात संकट.

लस उपलब्ध आहे का?

युरोपात नव्या प्रकाराविरुद्धच्या लशी आधी मिळू लागल्या. अमेरिकेत २०२१ मध्ये देशी लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तोवर तिथल्या पशुवैद्यांना विशेष परवानगी काढून युरोपातून लस मागवावी लागत असे. हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींमध्ये सहज वाढत नाही. त्यामुळे जुन्या लशी संसर्ग झालेल्या सशांच्या यकृतापासून बनवल्या जात. आता जनुकीय तंत्राने ही गरज कमी झाली आहे. संरक्षण टिकवण्यासाठी बहुतेक लशी दरवर्षी द्याव्या लागतात.

प्रत्येक अचानक मृत्यू आरएचडीमुळेच का?

नाही. आतड्यांची हालचाल थांबणे, पिल्लांमधील कॉक्सिडिओसिस, श्वसनाचा जिवाणूसंसर्ग आणि उष्माघात हीदेखील नेहमीची कारणे आहेत. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला ससा काही तासांत दगावू शकतो.

म्हणूनच शवविच्छेदनाला महत्त्व आहे. ससा अचानक गेल्यास त्याला लगेच पुरू नये. मृतदेह पिशवीत बंद करून थंड ठेवावा, पण गोठवू नये, आणि पशुवैद्याला कळवावे. घरात दुसरा ससा असेल तर त्याला वेगळे ठेवावे, मृत सशाचे गवत व अंथरूण टाकून द्यावे. काही महिने नवा ससा आणू नये. एका सशाच्या मृत्यूचे कारण कळले, तर उरलेल्यांचा आणि शेजारच्यांच्या सशांचा जीव वाचू शकतो.