परवानगी मिळाल्यानंतरचा किनारा

गेल्या आठवड्यात पर्यटनावरच्या एका परिसंवादात एक हॉटेल व्यावसायिक तावातावाने बोलले. समुद्रकाठी हॉटेल बांधायचं म्हटलं की निम्मं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जातं, असं त्यांचं म्हणणं. दाखला त्यांनी वांद्र्याच्या सी रॉक हॉटेलचा दिला. मुंबईतल्या सगळ्यात देखण्या टोकावरची जागा, आणि तिथे तीस वर्षांत वीट चढली नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मग नेहमीची मागणी आली: परवानग्या कमी करा, एक खिडकी करा, किनारा नियमन सैल करा.

त्यांच्या तक्रारीबद्दल मला राग नाही, कारण ती बरीचशी खरी आहे. राग आला तो त्यांनी सुचवलेल्या उपायाचा. आणि त्या टाळ्यांचा.

तक्रार खरी कशी, ते आधी सांगतो. मुंबईत पाण्यालगतच्या भूखंडावर हॉटेल उभं करायचं तर पालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग, अग्निशमन दलाचं ना हरकत, उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण, झाडं मध्ये आली तर वृक्ष प्राधिकरण, बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी आणि या सगळ्यांशिवाय सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. एकाने शेरा मारला की नकाशा बदलतो. नकाशा बदलला की ज्यांनी आधी सही केली त्यांच्याकडे पुन्हा जावं लागतं. या फेऱ्यात प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि ज्याची ओळख आहे तो पुढे सरकतो. याबद्दल दुमत नाही.

नियमसुद्धा कसे गुंततात पाहा. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. शहरी किनाऱ्यावर, म्हणजे दुसऱ्या वर्गात, बांधकाम करायचं तर त्या दिवशी अस्तित्वात असलेल्या नियमांनुसार, असं तिने ठरवलं. मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली २५ मार्च १९९१ रोजी. महिनाभराचा फरक. त्या महिन्यामुळे उरलेलं शहर १९९१च्या नियमावलीने वाढत राहिलं आणि पाण्यालगतचा पट्टा १९६७च्या नियमावलीत अडकला. नेमकी कोणती नियमावली लागू, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही एका हॉटेलच्याच प्रकल्पामुळे, आणि १९६७चीच लागू असा निकाल २००७ साली लागला. म्हणजे नियम काय आहे एवढं कळायला सोळा वर्षं. ज्याने कर्ज काढून जमीन घेतली त्याने या काळात काय करायचं? हा प्रश्न मी हॉटेलवाल्यांच्या बाजूने विचारतो आहे आणि तो मनापासून विचारतो आहे.

पण सी रॉकचं उदाहरण मात्र जपून द्यायला हवं. ते हॉटेल परवानग्यांनी बंद पाडलं नाही. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोट मालिकेत ते सापडलं. त्यानंतर मालक आणि हॉटेल चालवणारी कंपनी यांच्यातला वाद चालला, मग मालकी बदलली, पुन्हा बदलली आणि २०१०च्या आगेमागे ते ताज समूहाकडे आलं. जुनी इमारत पाडली गेली. परवानग्यांचं भिजत घोंगडं त्याच्यापुढचं. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच जागेवर मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ताज बँडस्टँडचं भूमिपूजन झालं: अडीच हजार कोटींहून जास्त गुंतवणूक, तीनशे तीस खोल्या. स्फोट ते भूमिपूजन, बत्तीस वर्षं. त्यातली किती पालिकेच्या आणि पर्यावरण खात्याच्या खात्यावर मांडायची, हे परिसंवादात कोणी विचारलं नाही. बत्तीसच्या बत्तीस वर्षं 'लाल फितीत' गेली असं गृहीत धरूनच टाळ्या वाजल्या.

आता याच्या शेजारी मला गोव्यातलं एक हॉटेल ठेवायचं आहे. माझ्या मते पूर्ण वादाची गुरुकिल्ली तिथे आहे.

दोनापावलाजवळ वायंगिणीचा छोटा किनारा आहे. तिथे सिदाद द गोवा हे हॉटेल उभं राहिलं, चार्ल्स कोरिआंच्या आराखड्याचं. त्या हॉटेलसाठी सरकारने भूसंपादन कायदा वापरून जमीन मिळवून दिली. खासगी कंपनीसाठी लोकांच्या जमिनी घ्यायच्या तर बदल्यात लोकांना काहीतरी राहायला हवं, म्हणून १९८३ साली सरकार आणि कंपनी यांच्यात जो करार झाला त्यात एक अट घातली गेली. किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट मोकळी राहील, ती अडवायची नाही. अट साधी होती. तिला तज्ज्ञ समिती लागत नव्हती, उपग्रहाची छायाचित्रं लागत नव्हती. गावातला कोणीही पोरगा वाळूवर जाऊन सांगू शकला असता की वाट उघडी आहे की बंद.

हॉटेल वाढलं आणि वाट अडली. ज्यांची वाट अडली ते लोक उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा निकाल एप्रिल २०००मध्ये त्यांच्या बाजूने लागला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० जानेवारी २००९ रोजी तिथेही कंपनी हरली. समुद्र आणि किनारा सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतो, तो खासगी सोयीसाठी देऊन टाकता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात विस्ताराने मांडलं. वाट खुली करा आणि अटीचा भंग करून केलेलं वाढीव बांधकाम पाडा, असा आदेश झाला. १९८३ ते २००९. सव्वीस वर्षं.

आणि त्याच वर्षी गोवा सरकारने अध्यादेश काढला. भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली, म्हणजे ज्या अटीच्या भंगावर निकाल उभा होता त्या अटीच्या पायाखालची जमीनच मागच्या तारखेने सरकवली. (ते हॉटेल आज ताजच्या नावाने चालतं. हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याचं ओझं त्यांच्यावर टाकणं रास्त होणार नाही.)

सी रॉकच्या मालकांना बत्तीस वर्षं थांबावं लागलं याची हळहळ सगळ्या पर्यटन परिषदांत व्यक्त होते. वायंगिणीचे लोक सव्वीस वर्षं थांबले, न्यायालयात जिंकले, आणि जिंकल्यावर काही महिन्यांत कायदाच बदलला गेला. या दुसऱ्या थांबण्याला कोणी 'अडथळा' म्हणत नाही. त्याची मोजदाद होत नाही. व्यवसायसुलभतेच्या कुठल्या तक्त्यात 'किनाऱ्यावर जायला लागलेली वर्षं' असा रकाना मी पाहिलेला नाही. अर्ज करणाऱ्याचा वेळ मोजायला आपल्याकडे मंत्री आहेत, सल्लागार आहेत, ऑनलाइन प्रणाली आहे. अट पाळली जाते की नाही हे पाहणाऱ्याचा वेळ मोजायला एक कारकूनही नाही.

म्हणून एक खिडकीचा उपाय मला अर्धा वाटतो. सगळा वेळ आणि सगळी छाननी परवानगीच्या आधी खर्च होते. परवानगी हातात पडली की सरकारचं लक्ष संपतं. किनारा नियमनात मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो कोण देतो? ज्याच्यावर अटी घातल्या तोच. मंजुरीची पत्रं वाचण्याची सवय ज्यांना आहे त्यांना ठाऊक आहे की लोकांच्या वाटेची अट बहुतेक वेळा शेवटच्या पानांत असते, सांडपाणी, सौर दिवे आणि पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाच्या अटींच्या गर्दीत. वाटेची रुंदी किती, ती कुठून सुरू होऊन कुठे उतरते, रात्री फाटक लावायचं की नाही, यातलं काही तिथे नसतं. 'लोकांच्या ये-जा करण्यास बाधा येऊ नये' अशा अर्थाचं एक वाक्य आणि खाली सही. एवढ्यावर सुरक्षारक्षकाला सांगून कोणालाही परत पाठवता येतं, कारण अट मोडली हे सिद्ध करायला मुळात वाट कुठे होती हेच कागदावर नाही.

थांबणाऱ्याचं नेहमी नुकसानच होतं, हेही खरं नाही. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. १९९१मध्ये ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला पूर्ण मनाई असलेला पट्टा दोनशे मीटरचा ठरला. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो पन्नास मीटरवर आला. शहरी किनाऱ्यावरचं गोठवलेलं चटई क्षेत्रही त्याच अधिसूचनेने मोकळं केलं, २०१९मध्ये लागू असलेले नियम मान्य झाले. पाचशे, दोनशे, पन्नास. जो धीराने थांबला त्याच्याकडे नियमच चालत आला. मच्छीमार मात्र कितीही थांबला तरी त्याच्या होडीची जागा आणि जाळी वाळवायची जागा वाढत नाही. सिंधुदुर्गातल्या वेळागर किनाऱ्यावरच्या ताज हॉटेल प्रकल्पाबद्दल मी लिहिलं तेव्हाही मुद्दा हाच होता. गावाने हॉटेलला विरोध करण्यापेक्षा राहती घरं आणि बागा संपादनातून वगळा हे जास्त जोरात मागितलं आणि हे मागणं ऐकायलाच सरकारी यंत्रणेला वर्षानुवर्षं लागली.

इथे वाचकांना माझा जुना हट्ट पुन्हा ऐकावा लागणार. भरतीरेषेचे दगड. जमिनीवर, सिमेंटचे, क्रमांक घातलेले, दिसतील असे. किनारा व्यवस्थापनाचे मूळ नकाशे एकास पंचवीस हजार या प्रमाणात असतात. त्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. मनाईचा पट्टाच पन्नास मीटरचा असेल तर निम्मा पट्टा रेघेच्या जाडीत गडप होतो. स्थानिक नकाशे मोठ्या प्रमाणाचे असतात हे मान्य, पण ते किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावलेले आहेत? दगड रोवले तर किनाऱ्यावरचे निम्मे खटले उभेच राहणार नाहीत अशी माझी खात्री आहे. यासाठी माझ्याकडे अभ्यास अहवाल नाही, कोकणातल्या किनाऱ्यांवर भांडणं ऐकून झालेलं मत आहे. हॉटेलवाल्यालाही त्याचा फायदाच. दगडापासून ठरलेलं अंतर सोडून बांधलं तर कोणी नोटीस काढणार नाही, आणि काढली तर दगड साक्षीला आहे.

मला हॉटेलं नकोत असा याचा अर्थ कोणी काढू नये. समुद्राकाठी चांगलं हॉटेल व्हावं, त्यात वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या मुलांना मुंबईला न जाता नोकरी मिळावी, हे मला मनापासून हवं आहे. त्यासाठी परवानगी सहा महिन्यांत द्या, हवं तर तीन महिन्यांत द्या. हरकती एकदाच काढा, सगळ्या खात्यांनी एकत्र बसून काढा, आणि अधिसूचना बदलली की आधीच्या अर्जाला कोणती लागू ते त्याच दिवशी लिहून द्या. हे सगळं करता येण्यासारखं आहे आणि यातल्या कशानेही किनाऱ्याचं काही बिघडत नाही. पण त्याच्या बदल्यात वाटेची अट पहिल्या पानावर घ्या, मीटरमध्ये लिहा, नकाशावर दाखवा.

आणि ती पाळून घ्यायची जागा शोधायला नवं प्राधिकरण लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय हॉटेलला पाहुणा ठेवता येत नाही. ते प्रमाणपत्र पालिकेच्या हातात आहे. अग्निशमनाचा पाइप जागेवर आहे का हे पाहायला माणूस येतो, तसाच वाट मोजायला माणूस यावा. टेप धरून रस्त्यापासून पाण्यापर्यंत चालत जावं, रुंदी लिहावी आणि मगच सही व्हावी. वाट बंद, तर प्रमाणपत्र नाही. नंतर बंद केली, तर प्रमाणपत्र मागे.

वांद्र्यात हे करून दाखवायची संधी आहे. ताज बँडस्टँडचं काम चार वर्षांत पुरं करायचं ठरलं आहे. त्या टोकावर एका बाजूला पोर्तुगीजांचा १६४०चा किल्ला आहे, खाली ओहोटीला उघडे पडणारे काळे खडक आहेत, आणि संध्याकाळी तिथे येऊन बसणारे लोक वांद्र्याचे कमी आणि धारावी, कुर्ला, खारचे जास्त असतात. पालिकेच्या एच-पश्चिम विभाग कार्यालयाने आजच त्या परिसरातल्या रस्त्यापासून खडकांपर्यंतच्या सगळ्या वाटा मोजाव्यात, त्यांचा नकाशा करून प्रभागात लावावा आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाबरोबर तो पुन्हा पडताळून पाहावा. कुठलीही नवी परवानगी न मागता हे काम येत्या महिन्यात सुरू करता येतं.