रोज पाण्यापर्यंत जाणाऱ्या गाडीला एक्सल कुठला घालायचा?



एक्सल तुटला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, लेथवर करून घे, निम्म्या पैशात होतं. दुसरा म्हणतो, एकदाच जाडजूड घाल, परत बघायचं कामच नको. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

आपली गाडी कशी चालते ते आधी बघा. कारंजा असो, चुळकीनाला, अमर्जा की बेन्नेतोरा, धरणाच्या पाण्यापर्यंत डांबर नाही. पहाटे जीप नाहीतर कॅम्पर चिखलातून काठापर्यंत मागं घ्यायची, कटला-रोहूचे क्रेट आणि बर्फ भरायचा, आणि तासाभरात तीच गाडी ६५ नंबरच्या हायवेवर हैदराबादच्या नाहीतर सोलापूरच्या दिशेनं पळवायची. हौशी लोक रविवारी डोंगरात गाडी घालतात, त्यांचं गणित वेगळं. आपल्या एक्सलला चिखल पण रोज आणि हायवे पण रोज. त्यात बीदरकडं जांभ्याचे खड्डे, कलबुर्गीकडं काळी माती. काळ्या मातीत चाक नुसतं फिरतं, आणि फिरता फिरता एकदम दगडावर पकडतं. तो झटका सगळा शाफ्टवर जातो.

म्हणून नवीन शाफ्ट घ्यायच्या आधी तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. मिस्त्रीला म्हणा, धुवून दाखव. तुटलेलं तोंड सगळीकडं सारखंच ताजं, दाणेदार असेल तर एकाच झटक्यात गेलाय. म्हणजे दोष बहुतेक क्लचवरच्या पायाचा नाहीतर भाराचा. पण तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट, लाटेसारख्या रेघांचा आणि उरलेला खरबरीत असेल, तर तिथं बारीक चीर कधीची पडलेली होती आणि ती रोज थोडी थोडी वाढत होती. ही चीर बहुतेक वेळा गंजाच्या खड्ड्यातून, सील घासून पडलेल्या खाचेतून नाहीतर जुन्या वेल्डिंगपासून सुरू होते. आणि स्प्लाईनचे दात पिळलेले दिसले तर पोलाद मऊ आहे, किंवा भार कायमच जास्त होता. चिरेनं तुटला असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्टही तितकेच किलोमीटर पळालाय. आमचं मत, तो पण काढून बघा, आणि खाच दिसली तर जोडीच बदला.

आता घ्यायचा कुठला? आधी आपला प्रकार ओळखा. मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांची थाळी बाहेर आलेली असेल, आणि चाक न काढता ते बोल्ट सोडून शाफ्ट ओढता येत असेल, तर तो फुल फ्लोटिंग. त्यात शाफ्टचं काम फक्त फिरवायचं, गाडीचं वजन हबवर. तुटला तरी चाक जागेवर राहतं. फोर बाय फोर असेल तर तुकडे काढून पुढच्या चाकांवर गाडी घरी येते. सेमी फ्लोटिंगमध्ये मात्र तोच शाफ्ट फिरवतो आणि तोच वजन पेलतो. बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निसटतं. बाजारच्या दिवशी मागं बायामाणसं आणि लेकरं बसलेली असतात, हे लक्षात ठेवून बोलतोय आम्ही. सेमी फ्लोटिंगवाल्यांनी वेल्डिंग केलेला शाफ्ट फुकट मिळाला तरी घालू नये.

लेथवाल्यावर आमचा राग नाही. त्याचा हात चांगलाच असतो. पण तो माप देतो, कडकपणा देत नाही. दुकानात सहज मिळणारा ईएन ८ चा गज घासून दिला तर दिसायला शाफ्ट तोच, पण दोन पावसाळे काढेल याची खात्री नाही. एक्सलला ईएन १९ किंवा ईएन २४ लागतं, आणि त्यावर उष्णतेची प्रक्रिया लागते. वरचं कवच कडक पाहिजे आणि आतला गाभा चिवट. दुकानात साधी परीक्षा करा. सीलची जागा आणि दात सोडून दांड्यावर बारीक कानस फिरवा. कवच कडक केलेलं असेल तर कानस घसरते, लगेच चावली तर माल परत द्या.

मग एकदम जाडजूडच का नको? कारण काहीतरी तुटणारच. शाफ्ट फार भारी केला तर पुढचा झटका क्राऊन-पिनियनवर जातो. ते काम शाफ्टच्या कितीतरी पट महाग, आणि काठावर होत नाही. त्यातच कुणी मोठे टायर चढवतं, म्हणजे शाफ्टवरचा पीळ आणखी वाढतो. कुणी चिखलात अडकू नये म्हणून डिफरन्शियलमधले स्पायडर गिअरच वेल्ड करून टाकतं. चिखलात मजा येते खरी, पण हायवेच्या प्रत्येक वळणावर दोन्ही शाफ्ट एकमेकांना पिळतात. रोजच्या गाडीला हे करू नका.

दुसऱ्या गाडीचा आख्खा एक्सल बसवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं प्रमाण एकच लागतं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, जुन्या विलीज जीपला ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८ असायचं. एक दात इकडंतिकडं असला तरी ट्रान्सफर केस मरतो. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीत नसलेला बदल करून अपघात झाला तर विमावाले वाद घालणार.

शाफ्टबरोबर बेअरिंग, अडकवायची रिंग आणि सील नवीनच घ्या. रिंग प्रेसवर बसवा, हातोड्यानं नाही.

आता आपल्याच धंद्याची एक गोष्ट, जी शहरातला मिस्त्री कधी विचारणार नाही. हायवेवरून तापून आलेला एक्सल तसाच धरणाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि वर सांगितलेली चीर तिथूनच सुरू होते. हौसिंगवरचा छोटा ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर हे नक्की होतं. तो साफ करा, त्याला रबरी नळी जोडून चेसिसपर्यंत वर न्या. पावसाळाभर महिन्यातून एकदा खालचा बोल्ट किंचित सैल करून ऑइलचा रंग बघा. बर्फाचं खारं पाणी गळत असेल तर क्रेटखाली पत्रा टाकून ते बाजूला काढा.

एका काठावर सारख्या मॉडेलच्या चार गाड्या असतील तर चौघांनी मिळून एक डावा, एक उजवा शाफ्ट, बेअरिंग आणि सील घेऊन ठेवावं असं आम्ही सुचवतो. बर्फ किती तास टिकतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि हैदराबादच्या राणीगंजहून पार्ट यायला किती वेळ लागतो तेही. विकत घ्यायच्या आधी चारही गाड्यांचे स्प्लाईन मोजा. मॉडेल एकच असलं तरी सालाप्रमाणे दात बदललेले असू शकतात. मोजून झालं की गाडीचं मॉडेल, साल, दातांची संख्या आणि दोन्ही बाजूंची लांबी खाली कमेंटमध्ये लिहा. कुणाचं कुणाशी जुळतं ते एकत्र करून आम्ही इथेच टाकू.