रेणुयंत्रे आणि मराठवाडा

रेणुयंत्रांच्या निर्मितीसाठी २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सोवाज व स्टॉडार्ट यांच्यासमवेत ज्यांना मिळाले, त्या फेरिंगांच्या प्रकाशचलित रेणूंनी द्रवस्फटिकाच्या पटलावरील, स्वतःपेक्षा सुमारे १०,००० पट मोठी, २८ मायक्रोमीटर लांबीची काचकांडी फिरविली, तेव्हाच सूक्ष्म उपकरणांना गती देण्याचे रेणूंचे सामर्थ्य सिद्ध झाले. एकाकी रेणूची हालचाल औष्णिक कंपनांत लोपते. असंख्य रेणूंचे बळ एका दिशेस जुळविणे, हेच खरे आव्हान होय. ते पेलण्याजोगी बुद्धिमत्ता मराठवाड्यात आहे; तेथील लातूरने परीक्षेतील यशाचा कित्ता महाराष्ट्रास घालून दिला. आता तेथील बुद्धिमत्तेस संशोधनाकडे वळविण्याकरिता, १९९४ साली नांदेडास स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात रेणुयंत्रांच्या प्रयोगशाळेची कायमची तजवीज सरकारने अविलंब करावी.