हौद्यातला बंगला

मंडळी, आज जरा भांडायचे आहे.

आमच्या विंझरसारख्या गावातही सध्या एक नवे खूळ शिरले आहे. पिकअप घ्यायची आणि तिच्या हौद्यात घर बांधायचे! प्लायवूडच्या भिंती, गादीचा दिवाण, ओटा, वर कपाटे, छतात दिवे, कोपऱ्यात बेसिन. मोबाइलवर असले व्हिडिओ ढिगाने पडलेले आहेत. आमच्या घरातही दोन भाचे आणि एक पुतण्या यांची खलबते चालू आहेत, म्हणून त्यांच्यासकट सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. फिरायला जरूर जा. गाडीत झोपा, गाडीपाशी रांधून खा. माझा विरोध हिंडण्याला नाही, वेल्डिंगला आहे. हौद्यात जे काही कराल ते दोन माणसांना अर्ध्या तासात खाली उतरवता आले पाहिजे. जे उतरवता येत नाही ते करू नये. एवढेच माझे म्हणणे. आता कारणे ऐका.

पहिले कारण पोटाचे. आमच्या भागात पिकअप ही हौसेची वस्तू नव्हे. पावसाच्या तोंडावर ती खताची पोती आणते, सुगीला इंद्रायणीचे भात गिरणीवर नेते. मधल्या काळात पेंढा, शेणखत, विटा, लग्नाची भांडी आणि वेळ आलीच तर आजारी म्हैससुद्धा! बँकेचा हप्ता ती स्वतःच्या कमाईतून फेडते. तिच्यात कायमचा दिवाण ठोकला की वर्षातल्या वीस दिवसांच्या सहलीसाठी उरलेले ३४५ दिवस गाडी अडकून पडली. बैलाच्या पाठीवर पाळणा बांधून त्याला औताला जुंपता येत नाही.

दुसरे कारण वजनाचे. मी मराठी माध्यमातून बी. ए. झाले, पण बेरीज मलाही येते. आठ बाय चार फुटांची, १९ मिलिमीटर जाडीची प्लायची एक शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते. अशा आठ शीट धरल्या तर ३०० किलो झाले. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५०-६० किलो. भरलेला घरगुती सिलिंडर ३० च्या आसपास (त्यात गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड). सांगाडा, गाद्या, भांडी मिळवा. आपण अर्ध्या टनाच्या पुढे गेलो. पुतण्या म्हणतो, "आत्या, सव्वा ते पावणेदोन टन वाहणाऱ्या गाडीला अर्धा टन म्हणजे काय?" बाळा, पोती तळाला असतात आणि तुझी कपाटे छताला लटकलेली असतात. ओझे जितके वर, तितकी वळणावर गाडी कलंडायला सोपी. वरंधा घाट काही व्हिडिओ पाहून सरळ होत नाही. शिवाय पोती उतरवली की गाडी हलकी होते, हा अर्धा टन मात्र रिकाम्या फेरीतही डिझेल खात राहतो.

तिसरे कारण आमचा पाऊस. तोरणा-राजगडाच्या कुशीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. चार महिने दारे फुगतात, पापड मऊ पडतात, पुस्तकांना बुरशी येते. हौद्याच्या पत्र्यावर प्लाय चिकटवून बसवला की फटीतून गेलेले पाणी आत कोंडते. त्यावर दुकानदार म्हणतो, मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा. घ्या की! तो प्लाय कदाचित टिकेलही, पण त्याच्याखालचा पत्रा गंजायचा थांबत नाही. आणि तो गंज दिसतो केव्हा? पाय आरपार गेल्यावर.

चौथे कारण सगळ्यांत मोठे, ते श्वासाचे. बंद डब्यात स्वयंपाक आणि बंद डब्यात झोप, या दोन गोष्टी एकत्र आणू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही; खाली, गादीच्या पातळीवर साचतो. थंडीत ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. तुमच्या व्हिडिओत बाई आतल्या ओट्यावर हसत हसत चहा करते आणि दार लावून घेते, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो म्हणून सांगते.

पाचवे कारण कायद्याचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरबदलांविषयी आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. मालकाने नियमबाह्य फेरबदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक" हा शब्द नीट वाचा! मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला जावे लागते. तेव्हा दर वेळी बंगला पाडणार का? व्हिडिओवाला हे सांगत नाही. त्याचे काम दाखवण्याचे, दंड भरण्याचे काम तुमचे.

आता कोणी म्हणेल, म्हातारीला नुसते नाहीच म्हणायचे आहे. तसे नाही. हौद्यातला संसार कसा असावा याचा उत्तम नमुना आपल्याकडे आहे, आणि तो दरवर्षी आषाढीच्या आधी आपल्या जिल्ह्यातूनच जातो. माउलींच्या आणि तुकोबांच्या पालख्यांबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे टेम्पो आणि ट्रक जरा थांबून पाहा. जवळजवळ तीन आठवडे माणसांचा सगळा संसार त्या हौद्यात असतो. तंबू, बांबू, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, पिंपे, पातेली, शिधा. वारकरी चालत असतात आणि गाडी पुढे मुक्कामी पोहोचते. तिथे आधी काय लागते? तंबू. म्हणून तो फाळक्याजवळ. मग पाणी आणि चुलाणे. वळकट्या रात्री लागतात, त्या आत. कुठे स्क्रू नाही की वेल्डिंग नाही. ताडपत्री, दोर आणि गाठी! वारी संपली की सगळे उतरते, हौदा धुतला जातो आणि तीच गाडी पुन्हा भाजी घेऊन बाजारात उभी राहते. ही खरी रचना. हिला कोणी इंटिरिअर म्हणत नाही एवढाच तिचा दोष. (ओझ्याच्या वर माणसे बसवून नेण्याची सवय मात्र वाईट. ती उचलू नका. गाडी चालू असताना हौद्यात माणूस नको, मग तो वारकरी असो की सहलकरी.)

ज्यांना परदेशाचे प्रमाणपत्र लागते त्यांच्यासाठी तेही देते. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर बसवायची घरे मिळतात, ती जॅकवर उचलून गाडीपासून वेगळी करता येतात. घर अंगणात उभे राहते, गाडी कामाला जाते. जॉन स्टाइनबेक हा लेखक १९६० मध्ये जीएमसी पिकअपवर असे घर बसवून, आपल्या कुत्र्याला घेऊन देशभर हिंडला. त्याने गाडीचे नाव डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवले होते. प्रवासाचे पुस्तक १९६२ मध्ये आले. आपल्याकडेही बोलेरोच्या एका दुहेरी केबिनच्या पिकअपला कंपनीने नावच कॅम्पर दिले आहे, पण मागे हौदा मोकळाच ठेवला आहे. त्यातून काय शिकायचे ते शिका.

तर माझा आराखडा असा. हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. दोन्ही बाजूंना दीड फूट उंचीच्या पेट्या ठेवा. प्रत्येक पेटी भरल्यावर दोघांना सहज उचलता यावी. पेट्यांवर आडव्या फळ्या टाकल्या की रात्रीचा पलंग तयार. फळ्या काढल्या की मधे पाय सोडून बसायला जागा. पाणी एका मोठ्या टाकीत नको, वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये ठेवा. उचलता येतात, आणि एक गळला तरी बाकीचे राहतात. जड ते खाली आणि केबिनच्या बाजूला. सगळे हौद्याला मुळातच असलेल्या हुकांना दोराने किंवा पट्ट्याने बांधा. ड्रिल मशीन घरीच ठेवा. वर कमानी आणि ताडपत्री, दोन्ही टोकांना वारा खेळेल इतकी मोकळीक.

आणि ओटा? फाळका उघडून आडवा धरला की तोच ओटा! साखळ्या मजबूत करून घ्या म्हणजे झाले. शेगडी उघड्यावर राहिली, गॅसचा प्रश्न मिटला, आणि रांधणारी व्यक्ती ताठ उभी राहू शकते. हे मी मुद्दाम लिहिते. या सगळ्या आराखड्यांत ओटा आखणारे पुरुष असतात आणि वाकून पोळ्या लाटणाऱ्या बायका. साडेचार फूट उंचीच्या डब्यात एकदा तुम्हीच वीस पोळ्या लाटून दाखवा, मग बोलू.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हातारी माणसे, लहान मुले बरोबर असली की शौचालय लागते, उभे राहायला उंची लागते. ते माझ्या पेट्या-फळ्यांत बसत नाही. खरे आहे. मग त्यासाठी रीतसर कॅरॅव्हॅन भाड्याने घ्या. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, त्यांची तपासणी आणि नोंदणी त्यानुसार होते. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही मंजूर केले. माझे सरकारकडे एकच मागणे आहे. आपल्या लेकरांच्या हातात कॅरॅव्हॅन नाही, पिकअप आहे. तिच्यात बांधलेले सामान कुठपर्यंत सामान आणि कुठून पुढे फेरबदल, हे एका पानावर, सोप्या मराठीत, चित्रे काढून छापा आणि प्रत्येक आरटीओच्या भिंतीवर लावा. नाहीतर नियम कळतो तो थेट नाक्यावर, पावती फाडताना.

भाच्यांनो आणि पुतण्या, तुमचा प्लाय अजून दुकानातच आहे हे मला ठाऊक आहे. तो तिथेच राहू द्या. पेट्यांसाठी माझी जुनी ट्रंक देते, सुतळीचा गुंडाही देते. माळशिरस-वाखरीपर्यंत चालणाऱ्या कुठल्याही दिंडीतल्या ड्रायव्हरकडून गाठ मारायला मात्र आधी शिकून या.